तिरकी इमारत

हिगाशी-कसाई, तोक्यो
१२ मे २०१४

मामा,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आमच्या बैठकीच्या खोलीत एक माणूस आडवा झाला की दुसऱ्याला बाल्कनीत जावं लागतं. तेव्हा उभ्यानेच.

फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन मामींच्या हातात देता, म्हणून हे पत्र. शिवाय तुमचा नियम लक्षात आहे : डिझाइन कागदावर दाखवायचं, पडद्यावर सगळंच गोरं दिसतं. सोबत घडी करून कागद ठेवला आहे. आधी पत्र वाचा, मग उघडा.

उरायासुच्या छापखान्यात मी बाइतो करते, म्हणजे अर्धवेळची नोकरी, हे मामींनी सांगितलं असेलच. घरून सायकलने पूल ओलांडला की आलं. मालक शिमुरा-सान, त्यांच्या पत्नी आणि मी. आजवर मी तिथे कागद कापले, व्हिजिटिंग कार्डांच्या डब्या भरल्या आणि दोन भाषांत चहा केला. अंबरीषच्या बँकेने त्याला इथे पाठवलं आणि मी बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर मागोमाग आले. इथल्या कागदपत्रांत माझा धंदा काय ते कुठेच लिहिलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आता बातमी. एक सप्टेंबरला इथे सगळीकडे भूकंपाची कवायत असते. उरायासुत समुद्रात भर घालून वसवलेला जो भाग आहे, तिथल्या रहिवासी मंडळाला यंदा नवं पोस्टर हवंय, कारण भाड्याने राहणाऱ्या आपल्या लोकांना जपानी लिपी वाचता येत नाही आणि कवायतीला कुणी फिरकत नाही. शिमुरा-सान म्हणाले, "वृंदा-सान, तुम्ही करून बघा." पोस्टर पसंत पडलं तर ते मला डिझायनर म्हणून पूर्णवेळ घेणार आहेत. नाही पडलं तर दरवर्षीचंच चित्र जाईल. हेल्मेट घातलेला एक हसरा मासा आहे.

वाचता न येणाऱ्यांसाठी पोस्टर म्हटल्यावर मला तुमचे रशियन आठवले. क्रांतीनंतर कागद नाही, शाई नाही, लोकांना अक्षरओळख नाही, तर त्यांनी स्टेन्सिलने चित्रं काढून दुकानांच्या रिकाम्या खिडक्यांत लावली. लाल, काळा आणि कागदाचा पांढरा. मीही तेवढंच घेतलंय. काळी इमारत, कललेली. खालच्या कोपऱ्यातून वर घुसणारी लाल पाचर. अक्षरं पाचरीच्या धारेवरून चढत जातात. कागदावर एकही आडवी रेघ नाही.

आणखी एक गंमत. एक सप्टेंबर हा १९२३ च्या मोठ्या भूकंपाचा दिवस. त्याच्या आदल्या वर्षी बुब्नोवा नावाच्या रशियन चित्रकार बाई तोक्योत आल्या होत्या आणि तिकडचं नवं वारं इथल्या तरुण चित्रकारांना लागलं होतं. शहर पडल्यावर लोकांनी तात्पुरत्या झोपड्या-दुकानं बांधली, ती या पोरांनी रंगवून काढली. म्हणजे भूकंप आणि तुमचे रशियन यांची इथे जुनी ओळख आहे.

तुमच्या नातीने, जुईने, पोस्टर बघून जपानीतच विचारलं, "ही बिल्डिंग पडतेय का?" मी म्हटलं, पडत नाही, धावतेय.

आता कागद उघडा आणि खरं काय ते सांगा.

तुमची विद्यार्थिनी आणि भाची (याच क्रमाने),
वृंदा


नौपाडा, ठाणे
२७ मे २०१४

वृंदे,

कागद आधी उघडला. पत्र नंतर वाचलं. शिकवलेलं पाळायचं असतं ते विद्यार्थ्यांनी.

पोस्टर उत्तम आहे. मी हा शब्द स्वस्तात देत नाही हे तू जाणतेस. पाचरीचं टोक इमारतीला भिडत नाही, केसभर आधी थांबतं, ते फार आवडलं. माणसाचा डोळा ती फट आपण होऊन भरतो आणि पुढे ढकलला जातो. नव्वद टक्के लोकांनी टोक भिडवलं असतं.

जुईच्या प्रश्नावरून एक आठवलं. दादरला स्टुडिओ होता तेव्हा केसांच्या तेलाची एक जाहिरात केली होती. बाटली तिरकी, मागे लाल पट्टा, अक्षरं चढती. शेठजी आले, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "बाटली कलंडलीय. तेल सांडेल." मी त्यांना तासभर समजावलं, आडवी रेघ म्हणजे झोपलेला माणूस, उभी रेघ म्हणजे पहारेकरी, तिरकी रेघ म्हणजे निघालेला माणूस. शेठजींनी चहा संपवला आणि काम समोरच्या आर्टिस्टला दिलं. त्याने बाटली उभी काढून शेजारी केस सोडलेली बाई बसवली. तेल खपलं म्हणतात. खपो.

आमच्या वेळी हे रशियन सहज मिळत नव्हते. रशियाहून मासिकं ढिगाने यायची, गुळगुळीत कागद, हसऱ्या शेतकरणी आणि ट्रॅक्टर. लिसित्स्की नाही, रोदचेन्को नाही. त्यांच्याच सरकारने त्यांना अडगळीत टाकलं होतं. मला ते सापडले कॉलेजच्या लायब्ररीत, एका जर्मन पुस्तकात. भाषा येत नव्हती. चित्रं बघून जे समजलं त्यावर जन्म काढला आणि तुला वाढलं.

तेव्हा तिरकं ठेव. कुणी कितीही सांगितलं तरी सरळ करू नकोस. एकदा सरळ केलंस की त्या माशात आणि तुझ्यात फरक राहणार नाही.

तुझी कल्पनामामी विचारते आहे, तिकडे कोकम मिळतं का.

चंद्रहासमामा


हिगाशी-कसाई
२० जून २०१४

मामा,

कोकम मिळतं. आपल्या लोकांच्या दुकानात, काळं पडलेलं. मामींना सांगा, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा.

पोस्टरचं मात्र फिसकटलं. कसं ते सांगते, कारण मूर्खपणा माझाच आहे.

इथे वस्तीतली प्रत्येक सूचना एका पाटीला लावून घरोघर फिरवतात. वाचलं की आपल्या नावाचा छोटा लाल शिक्का मारायचा आणि पाटी शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. माझा मसुदा असाच फिरून आला, सोबत घरटी एक प्रत. सगळ्या घरांचे शिक्के. मी आनंदाने पेढे म्हणून डोरायाकी वाटले. शिमुरा-सान यांनी दोन खाल्ले आणि मग हळूच म्हणाले की शिक्का म्हणजे "वाचलं". "आवडलं" नव्हे. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना फोन केला होता. नाही कुणीच म्हणालं नाही. फक्त "हिला फार मेहनत पडली असेल" असं तीन-चारदा म्हणाले. इथे याचा अर्थ काय होतो तो मला आता कळतो.

कारण कुणी सांगेना. शेवटी शिमुरा-सान म्हणाले, "ओनो-सान यांच्याकडे जाऊन या." ओनो-सान त्या वस्तीतल्या सत्तरीच्या बाई. एकट्या राहतात. मी माझी पोस्टरची प्रत आणि तिरक्या रेघेवरचं तुमचं सगळं व्याख्यान जपानीत पाठ करून गेले.

दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर माझंच पोस्टर. पण तिरकं लावलेलं. मला वाटलं टाचणी निसटली असेल. मग लक्षात आलं, चारही कोपऱ्यांना टाचण्या होत्या. बाईंनी कागद मुद्दाम कलवला होता, इतका की त्यातली इमारत सरळ उभी राहावी.

मी व्याख्यान विसरले.

आम्ही २०१३ मध्ये आलो, मामा. २०११ ला इथे काय झालं ते मी फक्त ऐकून होते आणि ऐकलं होतं ते सगळं उत्तरेकडच्या लाटेचं. या भागात लाट आली नाही. इथे खालच्या भरावाची माती पाण्यासारखी पातळ झाली आणि घरं, विजेचे खांब, सगळं कललं. पडलं नाही, कललं. ओनो-सान तशा घरात दोन हिवाळे राहिल्या, मग पाया उचलून घर सरळ करून मिळालं. "दिसायला थोडंच तिरकं होतं," त्या म्हणाल्या. "पण मेजावरची चॉपस्टिक घरंगळायची. डोकं दुखायचं. सारखी मळमळ. रात्री वाटायचं, कुशीवर वळले तर भिंतीपाशी जाऊन पडेन." त्यांच्या यजमानांना ते घर सोसलं नाही. ते मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले.

बोलता बोलता त्यांनी माझ्यासमोर बार्लीच्या चहाचा ग्लास ठेवला आणि खाली वाकून चहाची पातळी बघितली. माझं लक्ष गेलं तसं हसल्या. "सवय लागलीय."

"तुमचं चित्र छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त मला ते असंच लावता येतं."

मी काय करू? शिमुरा-सान यांनी ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे. नवा मसुदा नाही दिला तर मासा. आणि मासा म्हणजे मी पुन्हा डब्या भरायला.

वृंदा


ठाणे
५ जुलै २०१४

वृंदे,

थोडक्यात लिहितो. पावसाने बाहेर पडणं बंद आहे, हात आळसावला आहे.

तू एका बाईंच्या चॉपस्टिकवरून रेघ बदलणार असशील तर चार वर्षं माझ्याकडे काय शिकलीस? गिऱ्हाईक नेहमीच घाबरतं. शेठजी तेल सांडेल म्हणून घाबरले, तुझ्या बाई घर पडेल म्हणून. आर्टिस्टने त्यांच्याबरोबर घाबरायचं नसतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या विद्यार्थिनीला लागू व्हावी याचं मला दुःख आहे.

जग तिरकं झालं म्हणून कुणी बसून राहत नाही. धरून धरून का होईना, चालतोच माणूस.

सरळ करू नकोस.

चं.


हिगाशी-कसाई
१५ जुलै २०१४

मामा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. तुम्हाला कळला नसेल, म्हणून कळवते.

म्हण चुकीच्या जागी पडली. इथे अंगण खरंच वाकडं होतं. बाईंनी त्या वाकड्या अंगणात दोन वर्षं स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, आजारी नवऱ्याला धरून संडासात नेलं. मी आज सायकलवरून येऊन त्यांना सांगणार की ताई, हे पडणं नाही, ही गती आहे?

आणि मला भीती बाईंची वाटत नाही, त्या पोस्टरची वाटते. खरंच भूकंप झाला तर रुचासारख्या, आमच्या ओळखीच्या, पोरं घेऊन पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने ते बघून वर जायचं की खाली पळायचं? मी माझ्या मैत्रिणींना पोस्टर दाखवलं. तिघी म्हणाल्या, इमारतीतून बाहेर पळा. तिथे समुद्र जवळ आहे, मामा. सांगायचं होतं शाळेच्या गच्चीवर चढा.

तरी सरळ काढायला बसले की तुमचा आवाज येतो आणि हातून जे उतरतं ते बँकेचं कॅलेंडर असतं. चार मसुदे फाडले. मला ही नोकरी हवी आहे. तुम्हाला दुखवायचंही नाही. दोन्ही एकदम जमत नाहीये.

असो. तुम्ही मात्र हट्टाला पेटला आहात हे दिसतंच आहे. या वेळचं पत्रसुद्धा पोस्टरसारखंच केलंत. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या, शेवटची सही तर कोपऱ्याबाहेर निघालेली. चिडले होते तरी हसू आलं. कागद तिरका धरून वाचलं. अंबरीष म्हणाला, हाडाचे आर्टिस्ट आहेत.

वृंदा


ठाणे
२३ जुलै २०१४

चि. वृंदास,

मामी लिहिते आहे. तुझं पत्र यांना मी वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून. तो मला मोठ्याने वाचवेना.

अगं, यांनी ते मुद्दाम तिरकं नव्हतं लिहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दाढी करताना पडले. मेंदूला हलका झटका आला होता. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, देवाची कृपा. पण तोल गेला आणि दृष्टीत काहीतरी झालं आहे. यांना सगळी खोली कललेली दिसते. दाराची चौकट, पंखा, मी. डॉक्टरांनी सरळ रेघ काढायला सांगितली तर यांनी काढली चढती, आणि मोठ्या दिमाखात कागद पुढे केला. डॉक्टर गप्प बसले तेव्हा यांना कळलं. दिवसभर जेवले नाहीत.

तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. "तिचं पोस्टर चाललंय, मध्ये तोंड घालू नकोस." मी शपथा पुष्कळ मोडल्या आहेत, त्यात ही एक.

फोन कर. पण रडू नकोस, त्यांना चालत नाही.

मामी

कोकम दिवाळीच्या आत पाठवते.


ठाणे
१ ऑगस्ट २०१४

वृंदे,

तू फोनवर रडली नाहीस, पण नाक ओढण्याचा आवाज जपानहूनही नीट येतो.

या कागदावर तुझ्या मामीने पट्टीने ओळी आखून दिल्या आहेत आणि बजावलं आहे की अक्षरं ओळीवरच बसली पाहिजेत. बसवतो आहे. खरं सांगतो, मला ओळीच वाकड्या दिसताहेत. आयुष्यभर सरळ दिसत असून तिरकं काढलं, आता सरळ काढलं तरी तिरकं येतं. नशीब आर्टिस्ट आहे की नाही सांगता येत नाही, विनोदी मात्र आहे.

तुझ्या ओनो-सान यांना माझा नमस्कार सांग. त्यांचं सगळं खरं आहे. मळमळतं. कुशीवर वळायची भीती वाटते. त्यांनी चहाची पातळी बघितली हे तू लिहिलंस, तेव्हा मी नुकताच घरी आलो होतो आणि दिवसातून दहादा तांब्यातलं पाणी बघत होतो. मला राग आला तो त्यांचा नव्हे. एका अनोळखी बाईंनी माझं गुपित तिकडे बसून बोलून दाखवावं, याचा आला. तो तुझ्यावर काढला.

शेठजींच्या तेलाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

आता रोज सकाळी एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. तेजश्री नाव, आवाज फौजदाराचा. ती मला जिन्यावर नेते. पहिल्या दिवशी मी पायरीकडे बघितलं आणि पाऊल उचलेना, कारण पायरीही तिरकी आणि भिंतही. ती म्हणाली, "आजोबा, बघू नका, कठडा धरा." धरला. वृंदे, त्या घटकेपासून मला वर कुठे आणि खाली कुठे ते समजलं. सगळं घर कललं आहे आणि त्यात जी वस्तू जन्मतःच तिरकी, तिच्यावर तेवढा विश्वास बसतो. कारण ती खाली जमिनीत रोवलेली आहे आणि वर कुठेतरी पोचते.

तुझ्या पोस्टरबद्दल मी आता काही सांगणार नाही. दिसतंच वाकडं, तर मत काय देणार? तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत, मी घडवले आहेत.

चंद्रहासमामा


हिगाशी-कसाई
४ सप्टेंबर २०१४

मामा,

जाड नळकांडं आलं असेल. या वेळी आधी ते उघडा, पत्र नंतर वाचा. तसंही तुम्ही तेच करणार.

तुमचं पत्र दुपारी आलं आणि संध्याकाळपर्यंत मसुदा झाला. खाली कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड काळी आडवी पट्टी. त्यावर काळी इमारत, ओळंब्यात उभी. आणि पट्टीतून निघून इमारतीच्या अंगावरून थेट गच्चीपर्यंत जाणारा लाल जिना, कठड्यासकट. कठड्यावर हात ठेवून चढणारी माणसं, फक्त आकार. एकाच्या कडेवर मूल. शब्द चारच, खाली पट्टीत पांढरे, आडवे. लाल, काळा आणि कागदाचा पांढरा. जिन्याचं वरचं टोक गच्चीच्या केसभर आधी थांबवलं होतं, तुमच्यासाठी. मग विचार केला, ओनो-सान म्हणतील, शेवटची पायरी कुठे आहे? भिडवलं. तुम्ही नव्वद टक्क्यांत घातलंत तरी चालेल.

पाटी घरोघर फिरून आली. शिक्के सगळ्यांचे. या वेळी मी डोरायाकी वाटले नाहीत. मुद्दाम सायकल काढून ओनो-सान यांच्या गल्लीतून गेले. खिडकीतून भिंत दिसते. पोस्टर लावलं होतं. सरळ. मी तिथेच सायकलवरून उतरले. मला फार बरं वाटलं.

कवायतीला आपल्याकडची पुष्कळ माणसं आली. रुचा दोन्ही पोरांना घेऊन आली आणि कुणाला काही न विचारता शाळेच्या जिन्याने वर गेली. पायथ्याशी तेच पोस्टर होतं. ओनो-सान माझ्या पुढे होत्या. चढण्याआधी त्यांनी कागदावरच्या लाल कठड्यावरून एक बोट वर नेलं आणि मग खरा कठडा धरला. वर पोचल्यावर मी त्यांना सांगितलं की हा कठडा ठाण्याचा आहे, माझ्या मामांच्या जिन्यातला. त्यांनी दक्षिणेकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. दिशा थोडी चुकली होती, मी सुधारली नाही.

आता शिमुरा-सान यांचं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर खिडकीजवळच्या टेबलावरचे खोके काढलेले, टेबल पुसलेलं आणि त्यावर व्हिसा बदलण्याचे कागद. धंदा या रकान्यात त्यांनी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं : डिझायनर. मी त्यावर शाई फिरवली.

दिवाळीत मी आणि जुई येतो आहोत. तिकिटं काढली. मामींना म्हणावं, कोकम पाठवू नका, मी न्यायला येतेय.

आता नळकांड्यातल्या पोस्टरबद्दल. ते तुमच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचं. मामी ओळंबा आणि पट्टी घेऊन येतील, त्यांना हात लावू देऊ नका. टाचण्या तुम्ही सांगाल तिथेच टोचायच्या. इमारत तुम्हाला सरळ दिसेल असं लावा, मग कागद कितीही तिरका होवो. आम्ही येऊ तेव्हा मी तुमच्या शेजारी बसेन आणि मीच मान तिरकी करीन.

वृंदा